हेल्मेट एक, माणसं तीन

जूनमधली सकाळ, पावणेनऊची वेळ. दादरला गोखले रोडवर ताईच्या इमारतीखाली मी तिची वाट बघत उभा होतो. ताई स्कूटर घेऊन आली. पुढे फूटबोर्डावर साडेतीन वर्षांचा भाचा आरशाचा दांडा धरून उभा. मागे आई, एका हातात त्याची वॉटरबॅग आणि दुसऱ्या हातात छत्री. ताईच्या डोक्यावर हेल्मेट होतं, आणि त्याचा पट्टा गालाशी लोंबत होता.

मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "बघतोस काय असा? मी घातलंय ना हेल्मेट? शाळा इथे कोपऱ्यावर आहे."

त्या एका स्कूटरवर कायद्याचे निदान पाच नियम मोडले जात होते. ताईला त्यातला एकही ठाऊक नव्हता, आणि खरं सांगायचं तर मलाही त्या दिवशी दोनच सांगता आले असते. मग बसून वाचलं. वाचताना लक्षात आलं की आपण वाहतुकीचे नियम 'चालवणाऱ्याचे' नियम म्हणून शिकतो. प्रत्यक्षात मोटार वाहन कायद्यातली बरीच कलमं जो चालवत नाही त्याच्याबद्दल आहेत: मागे बसलेला, मागच्या सीटवर रेललेला, मांडीवर झोपलेला. आपल्या डोक्यात ही माणसं नियमांच्या बाहेर आहेत, कायद्यात मात्र ती आतच आहेत.

आधी हे सांगा, कायदा कुणाचा? केंद्राचा, राज्याचा की हवालदाराचा?

तिघांचाही, पण सारखा नाही. हाउसिंग सोसायटी डोळ्यांसमोर आणा. उपविधी वरून ठरून येतात. त्या चौकटीत कमिटी ठराव करते, की पाहुण्यांच्या गाडीला किती पैसे घ्यायचे वगैरे. आणि वॉचमन सांगतो, "आज ह्या गेटने आत सोडणार नाही."

रस्त्यावरचे उपविधी म्हणजे संसदेचा मोटार वाहन कायदा, १९८८. त्यात २०१९ साली मोठी दुरुस्ती झाली आणि दंड एकदम वाढले. याच कायद्याखाली केंद्राने केलेले तपशीलवार नियम १९८९ चे आहेत. कमिटी म्हणजे महाराष्ट्र सरकार. वॉचमन म्हणजे वाहतूक पोलीस. सागरी सेतू, पूर्व मुक्तमार्ग, जे. जे. उड्डाणपूल, कोस्टल रोड आणि अटल सेतूवर दुचाकीला बंदी आहे, ती अशा स्थानिक आदेशांमधून आलेली. हेल्मेट आणि सीटबेल्ट मात्र थेट उपविधींत आहेत. "आमच्या भागात सक्ती नाही" असं कुणी म्हणालं तर ते चुकीचं आहे. फार तर "आमच्या भागात कुणी विचारत नाही" असं म्हणता येईल.

"मी कुठे चालवतेय?"

हे आईचं वाक्य. मागे बसायला हेल्मेट कशाला, हा तिचा साधा सवाल.

कलम १२९ सांगतं की मोटारसायकल चालवणाऱ्या किंवा तीवरून नेल्या जाणाऱ्या, चार वर्षांवरच्या प्रत्येक व्यक्तीने मानक हेल्मेट घातलं पाहिजे. स्कूटर यात आलीच. फेटा किंवा पगडी बांधलेल्या शीख व्यक्तीला सूट आहे. बाकी बाई, पुरुष, आजी, कॉलेजकन्या असा भेद नाही. मुंबईत मे २०२२ मध्ये वाहतूक पोलिसांनी मागच्यालाही हेल्मेट सक्तीचं असल्याची सूचना काढली आणि जूनपासून कारवाई सुरू केली, तेव्हा लोकांना वाटलं नवा कायदा आला. कायदा जुनाच होता, फक्त धूळ झटकली गेली.

पट्ट्याचंही तेच. हेल्मेट डोक्याला पट्ट्याने घट्ट बांधलेलं असलं पाहिजे, असं कलमातच आहे. ताईसारखा पट्टा लोंबत असेल तर कायद्याच्या दृष्टीने ती टोपी झाली. अपघातात डोकं आपटण्याआधीच ती उडून जाते.

आणि आईला न सांगितलेली एक गोष्ट. मागच्याने हेल्मेट घातलं नसेल तर चलान तिच्या नावावर येत नाही. कलम १९४ड चालवणाऱ्याला धरतं. दंड तर आहेच, वर तीन महिने लायसन्स अपात्र ठरण्याची तरतूद आहे. म्हणजे आईच्या केसांचा अंबाडा विस्कटू नये म्हणून ताईचं लायसन्स पणाला.

देशाचा २०२२ चा सरकारी आकडा बघा. हेल्मेट न घालता अपघातात जीव गेलेल्यांत ३५,६९२ चालवणारे होते आणि १४,३३७ मागे बसलेले. सीटबेल्टचा आकडा मला जास्त चटका लावून गेला. पट्टा न लावता गेलेले चालक ८,३८४ आणि प्रवासी ८,३३१. जवळजवळ बरोबरीत.

"मुंबईत वेग असतोच कुठे?"

हा आक्षेप मला अजिबात चुकीचा वाटत नाही. सकाळी सायनच्या सिग्नलला उभं राहिलं तर आपण चालतो आहोत की सरकतो आहोत, कळत नाही. पण गर्दी सुटली की त्याच स्कूटरचा काटा चाळिसावर कधी जातो तेही कळत नाही.

वेग समजायला मला उंची सोपी वाटते. ताशी ३० किलोमीटरने जाऊन भिंतीला धडकणं म्हणजे साधारण साडेतीन मीटरवरून पडणं, चाळीच्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून. ताशी ४० म्हणजे सव्वासहा मीटर, दुसरा मजला. ताशी ६० म्हणजे चौदा मीटर, चौथ्या मजल्याच्याही वर. वेग दुप्पट झाला की उंची चौपट होते, इथेच आपला अंदाज चुकतो. दुसऱ्या मजल्याच्या कठड्यावर मूल बसलेलं दिसलं तर खालची अख्खी चाळ ओरडेल. तेच मूल चाळिसाच्या वेगात फूटबोर्डावर उभं असलं की आपण कौतुकाने हात हलवतो.

धडक नसली तरी नुसतं कलंडणं पुरतं. पावसात पेव्हर ब्लॉकवर चाक सरकलं की डोकं दीड मीटरवरून थेट दगडावर येतं. तिथे वेगाचा प्रश्नच नाही.

हेल्मेट इथे काय करतं? बाहेरचं कवच टोक आत घुसू देत नाही. खरं काम आतला थर्माकोलसारखा थर करतो. तो स्वतः चेपतो आणि डोकं थांबायला काही क्षण जास्त देतो. जत्रेतून आणलेली काचेची बरणी आपण वर्तमानपत्रात गुंडाळतो, तसंच. पण तो थर एकदाच चेपतो. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून चकचकीत दिसलं तरी आतून संपलेलं असतं. फूटपाथवर मिळणारी ती अर्धी वाटी, जिच्यात थर नसतोच, ती फक्त हवालदाराला दाखवायच्या कामाची. जून २०२१ पासून आयएसआय चिन्ह नसलेलं दुचाकीचं हेल्मेट विकणंच बेकायदा आहे, तरी स्टेशनबाहेर रांगेने टांगलेली दिसतात.

चार वर्षांखालचं मूल मोकळं सुटलं का?

कलम १२९ चार वर्षांवरच्यांबद्दल बोलतं, म्हणून बऱ्याच आईबापांची समजूत आहे की धाकट्याला काही नाही. तसं नाही. धाकट्यांसाठी केंद्राने वेगळा नियम केला. तो फेब्रुवारी २०२२ मध्ये आला आणि १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. नऊ महिने ते चार वर्षं या वयाच्या मुलाला दुचाकीवर नेताना तीन गोष्टी हव्यात: सेफ्टी हार्नेस, मुलाच्या डोक्याला बसणारं हेल्मेट आणि ताशी ४० पेक्षा जास्त नाही इतका वेग.

हार्नेस म्हणजे मुलाला घालायचं जाकीट. त्याला दोन पट्टे असतात, ते चालवणाऱ्याने दप्तरासारखे खांद्यात अडकवायचे. मूल मागे बसतं आणि त्याचं वरचं अंग चालवणाऱ्याच्या पाठीला बांधलेलं राहतं. तीस किलो पेलेल इतकं ते मजबूत हवं, असं नियमात आहे. शेतावर जाणारी बाई पोर पाठीशी बांधून घ्यायची, त्याचीच ही शहरी आवृत्ती म्हणा. मूल पेंगलं तरी कलंडत नाही. माझ्या मते हाच त्याचा सर्वांत मोठा उपयोग, कारण शाळा सुटल्यावर दुपारी बाराच्या उन्हात पेंगत नाही असं मूल मी पाहिलेलं नाही.

"पण पुढे उभं केलं की माझ्या डोळ्यांसमोर राहतो." ताईचं हे उत्तर, आणि मुंबईतल्या हजारो आयांचं. कायदा इथे स्पष्ट आहे. कलम १२८ नुसार बरोबरची व्यक्ती चालकाच्या मागे, पक्क्या बसवलेल्या सीटवर बसलेली असली पाहिजे. पुढे नाही, उभं नाही. कारणही उघड आहे. करकचून ब्रेक लागला की मुलाचं तोंड हँडलवर आणि त्याच्यावर मागून आईचं पन्नास-साठ किलो वजन. डोळ्यांसमोर ठेवलेलं मूल म्हणजे तेव्हा आई आणि हँडल यांच्यामधली उशी.

"मग तिघांनी जायचं कसं?"

आईबाप आणि एक मूल, हे मुंबईतलं सगळ्यात नेहमीचं दृश्य. आणि तेच सरळसरळ ट्रिपल सीट. कलम १२८ चालवणाऱ्याशिवाय एकाच व्यक्तीला परवानगी देतं आणि व्यक्ती केवढी असावी हे सांगत नाही. तान्हं बाळही एक व्यक्तीच. केरळात २०२३ साली रस्त्यांवर कॅमेरे बसले आणि हाच प्रश्न पेटला. लहान मुलाला तिसरा प्रवासी म्हणून सूट द्या अशी मागणी दिल्लीपर्यंत गेली. केंद्राने नाही म्हटलं.

हा नियम गरिबाच्या अंगावर येतो, हे मला मान्य आहे. ज्याच्याकडे कार आहे त्याला हा प्रश्न पडत नाही. रिक्षाला रोज येऊन-जाऊन शंभर रुपये घालवणं सगळ्यांना जमत नाही, आणि बस वेळेवर येईलच असं नाही. पण स्कूटरचा ब्रेक, टायर आणि तोल दोघांच्या हिशेबाने बनवलेला असतो आणि तिसऱ्याला धरायला जागाच नसते. कायद्याने डोळे मिटले तर स्कूटर थोडीच लांब होणार आहे?

न्यायालयांनी एक बारीक फरक मात्र केला आहे. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, दुचाकीवर तिसरा म्हणून बसलेला होता एवढ्यावरून मृताचा दोष धरून भरपाई कापता येणार नाही. त्या बसण्यामुळेच अपघात झाला किंवा इजा वाढली, हे दाखवावं लागेल. दंडाचा नियम एकीकडे, भरपाईचा हिशेब दुसरीकडे.

गाडीत तरी सुरक्षित ना? मांडीवर घेतो आम्ही

४ सप्टेंबर २०२२ ला पालघरमध्ये चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी कठड्याला धडकली. पुढचे दोघे वाचले. मागच्या सीटवरचे दोघे, खुद्द मिस्त्री धरून, गेले. मागच्यांनी पट्टा लावलेला नव्हता. त्यानंतर मुंबईत १ नोव्हेंबरपासून गाडीतल्या सगळ्यांना पट्टा सक्तीचा असल्याचं पोलिसांनी जाहीर केलं. पुन्हा तेच: नियम आधीपासून होता.

पट्टा का, हे मुंबईकराला लोकलने शिकवलेलं आहे. गाडी कचकन थांबते आणि डब्यात उभा असलेला प्रत्येक जण पुढच्यावर जातो. डबा थांबला, आपलं अंग थांबलेलं नसतं. कारमध्ये मागे बिनपट्ट्याचा माणूस तसाच पुढे जातो, आणि पुढे असतं चालकाचं डोकं. म्हणजे मागचा पट्टा न लावून पुढच्यालाही धोका.

आता मांडीवरचं बाळ. दहा किलोचं बाळ, गाडी ताशी ५० ला, धडक बसून अर्ध्या मीटरात थांबली असं धरा. बाळाला धरून ठेवायला त्या क्षणी सुमारे दोनशे किलो वजन उचलण्याइतकी ताकद लागेल. सिमेंटच्या चार गोण्या. "मी घट्ट धरते" यात आईच्या मायेला तोटा नाही, पण मनगटाला मर्यादा आहे.

म्हणून कलम १९४ब मधलं दुसरं पोटकलम फक्त मुलांसाठी आहे. चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याने किंवा मुलांच्या खास सीटने बांधलेलं नसेल तर कायद्यात हजार रुपये दंड आहे. तो गाडी चालवणाऱ्याला, आणि तशी चालवू देणाऱ्यालाही. नुसता मोठ्यांचा पट्टा लहान मुलाला नीट बसत नाही. तो छातीऐवजी गळ्यावरून जातो. उंची वाढेपर्यंत त्याला सीट किंवा बूस्टर, म्हणजे उंच बसवणारी गादी, लागते. तान्ह्याची सीट मागे तोंड करून बसवायची, कारण त्याचं डोकं अंगाच्या मानाने जड आणि मान कच्ची. ती सीट पुढच्या एअरबॅगसमोर कधीही ठेवू नका. उघडणारी एअरबॅग सीटच्या पाठीवर येऊन आदळते आणि तिच्यामागेच बाळाचं डोकं असतं.

टॅक्सीत पट्टा सापडत नाही, मग?

काळी-पिवळीत मागचा पट्टा बहुधा सीटकव्हरच्या खाली गाडलेला असतो. प्रवाशाने लावला नाही तरी दंड चालकाच्या माथी, कारण कलमाचे शब्द 'पट्टा न लावलेले प्रवासी नेणारा' असे आहेत. तेव्हा "भैया, बेल्ट निकालो" म्हणायला संकोच नको, त्याचाही फायदाच आहे. रिक्षाला पट्टाच नसतो, तिथे हा नियम गप्प बसतो.

"सोळाचा झाला की, चालवू दे जरा"

सोळाव्या वर्षी फक्त ५० सीसीपर्यंतच्या, गिअर नसलेल्या दुचाकीचं लायसन्स मिळतं. शोरूममधल्या नेहमीच्या स्कूटर ११० आणि १२५ सीसीच्या. त्यांना अठराच हवं. विजेवरच्या ज्या दुचाकींचा वेग ताशी २५ च्या आत आणि मोटर २५० वॉटच्या आत असते, त्यांना कायदा मोटार वाहनच मानत नाही, म्हणून लायसन्स लागत नाही. 'इलेक्ट्रिकला लायसन्स नको' ही अफवा इथून निघाली. वेगवान इलेक्ट्रिक स्कूटरला लायसन्स लागतंच.

अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केला तर कलम १९९अ पालकाला किंवा गाडीच्या मालकाला दोषी धरतं: तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. "मला माहीतच नव्हतं" हे पालकानेच सिद्ध करायचं. चावी त्याच्या संमतीने गेली असं न्यायालय आधी गृहीत धरतं. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला झालेल्या अपघातानंतर हे कलम घराघरांत चर्चेला आलं. दुर्दैवाने महिनाभरच.

कायद्यात हजार, चलानवर पाचशे. चूक कुणाची?

कुणाचीच नाही. न्यायालयात न जाता जागेवर प्रकरण मिटवायची जी रक्कम असते तिला तडजोड शुल्क म्हणतात आणि ती राज्य ठरवतं. हेल्मेटसाठी कायद्यात हजार आहेत, मुंबई पोलिसांच्या २०२२ च्या सूचनेत पाचशे होते. फोन हातात घेऊन गाडी चालवणं आणि सिग्नल तोडणं या गोष्टी मात्र धोकादायक वाहनचालनाच्या कलमात येतात. तिथे पहिल्या गुन्ह्यालाही कैद होऊ शकते.

"हे सगळं वसुलीसाठी आहे" असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. महिनाअखेरीला कोपऱ्याआड लपून उभे राहणारे हवालदार मीही पाहिलेत. पण वसुलीवर राग काढायला स्वतःचं डोकं उघडं ठेवण्यातली युक्ती मला कळलेली नाही.

ताईने शेवटी हार्नेस मागवला. पहिले दोन दिवस भाच्याने आकांडतांडव केलं. तिसऱ्या दिवसापासून बकलचा 'टक' आवाज त्यालाच करायचा असतो, दुसऱ्या कुणी केला तर पुन्हा उघडून करावा लागतो. डिसेंबरात तो चार वर्षांचा झाला की हार्नेसची सक्ती संपेल, हेल्मेट मात्र राहील. मागची सीट आता त्याची.

आई बसने जाते. परवा स्टॉपवर मला विचारत होती, "बसमध्ये नाही ना रे लागत पट्टा?" उभे प्रवासी नेणाऱ्या वाहनांना सूट देता येईल असं कलमातच लिहिलंय, मी सांगायला लागलो. तेवढ्यात बस आली आणि ती माझं वाक्य अर्धवट सोडून चढली.